सतरा नंबरची बॅच

३ मार्च २०२५, सोमवार
अठरा नंबरची बॅच उघडली. मूस फोडली, आणि आतून निघाले तेच ते, नेहमीचे स्फटिक. काळे, चकचकीत, दिसायला गुणी. नायट्रोजनवर तपासले तर अठ्ठ्याऐंशी केल्विनला अतिवाहक झाले. मला एक्क्याऐंशी हवे आहेत.

सतरा नंबरचे एक्क्याऐंशी होते.

संध्याकाळी देवेशची मेल. पुण्याहून त्याने आमच्या पेपरवरचे परीक्षकांचे शेरे पाठवले आहेत. दोघांनी कौतुक केलंय, तिसऱ्याने एकच ओळ लिहिली आहे: दुसऱ्या बॅचवर हेच पुन्हा करून दाखवा. इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर आम्हाला १७ ते २० जून असे चार दिवस मिळाले आहेत. तोपर्यंत सतरा नंबरची जुळी बॅच तयार नसेल तर पेपर मागे घ्यायचा, असं देवेशने स्वच्छ लिहिलंय. खाली 'काळजी घे' वगैरे काही नाही.

रात्रीचं जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, "पोळीवर काऊन राग?"

६ मार्च
आज बाबांना पुन्हा समजावून सांगितलं मी काय करते ते. चिखलीतल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, हे त्यांना पटतं. बाकीचं पटत नाही. मी सांगितलं की बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांब्याची भस्मं एकत्र करून मुशीत घालायची, भट्टीत वितळवायची आणि अगदी सावकाश, अकरा-बारा दिवस थंड करायची. पापुद्र्यापापुद्र्यांचे स्फटिक तयार होतात. ते द्रवरूप नायट्रोजनएवढ्या थंडीत गेले की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. अशा स्फटिकावर इंदूरच्या सिंक्रोट्रॉनमधला प्रखर प्रकाश मारायचा. आतले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. कोणत्या दिशेला, किती जोरात उडाले, यावरून ते आत कसे राहत होते ते काढायचं.

"म्हणजे पंगतीतून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे पाहून आत जेवण कसं झालं ते ओळखाचं," बाबा म्हणाले.

मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, मला हे सुचलं नव्हतं.

सतरा नंबरची गंमत अशी: अतिवाहक झाला की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि त्यांच्या ऊर्जेच्या पट्टीत एक फट पडते. स्फटिक गरम केला, अतिवाहकपणा गेला, की फट मिटायला हवी. सतरा नंबरमध्ये मिटत नाही. तशी ही न मिटणारी फट जगात पुष्कळांनी पाहिली आहे, सगळी भांडणं तिच्यावरूनच आहेत. पण इतक्या स्वच्छ रेषांत, स्फटिकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सारखी? देवेशने पहिली आकृती पाहिली तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता. हे स्फटिक चिखलीच्या कॉलेजातल्या जुन्या भट्टीतून आलेत यावर त्याचा विश्वास बसेना.

आता माझाही बसत नाही.

११ मार्च
एकोणीस नंबर भट्टीत आहे. रहेमतभाईंचे रोजे चालू आहेत, तरी नोंद चुकत नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी तापमान वाचून रजिस्टरात लिहायचं, पुढे सही. रहेमतुल्ला, प्रयोगशाळा परिचर. राहायला कॅम्पसातच, मागच्या क्वार्टरमध्ये. ३१ मेला साठ पूर्ण होऊन निवृत्त होणार.

त्यांना शिस्त लागली ती चौदा नंबरनंतर. तेव्हा लाइट गेली आणि जनरेटरात डिझेल भरायला यांनी उशीर केला. बॅच वाया. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "बारा दिवसांचं काम तुमच्या एका डुलकीपायी गेलं." जरा जास्तच बोलले असेन. पण त्यानंतर रजिस्टरात एकही घर रिकामं नाही, म्हणजे कधी कधी बोलावं लागतं.

आज सतरा नंबरचं रजिस्टर घरी आणलं होतं. वीस ते तेवीस ऑगस्टचं पान तर डोळ्यांना सुख आहे. दर दोन तासांनी बरोब्बर आठ अंश कमी. ६२४, ६१६, ६०८, ६००… तेहेतीस आकडे आणि एकही इकडेतिकडे नाही. एरवी आमची भट्टी एखाददोन अंश मागेपुढे करतेच. त्या आठवड्यात जणू तिच्यावर कोणाचा वरदहस्त होता. मी ते पान बाबांना दाखवलं. त्यांची सारी नोकरी नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर गेली, गाड्यांच्या वेळा लिहिण्यात.

त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी छत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलं. इतकी वेळेवर आमच्याकडं कधी मालगाडी नाई आली, का मेल नाई आली."

रहेमतभाईंना उद्या सांगेन, बाबांनी कौतुक केलं म्हणून.

१२ मार्च
सांगितलं. "हाव का," एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले. रोजा लागला असावा.

१९ मार्च
एकोणीस नंबर: अठ्ठ्याऐंशी. नायट्रोजनचा कॅन परत करायला गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथे तो वळूंचं वीर्य साठवायला लागतो, उरलेला आम्हाला मिळतो. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं का?" त्यांचं दर वेळी होतं. मी स्कूटर चालू करून निघाले, आणि बाजार समितीपाशी आल्यावर कळलं की रिकाम्या कॅनचं झाकण माझ्याच पर्समध्ये राहिलं आहे. परत गेले.

२४ मार्च
सतरामध्ये आणि बाकीच्यांत फरक काय? भस्मं तीच, मूस तीच, भट्टी तीच. फरक एकच, मी नव्हते. बाबांची अँजिओप्लास्टी अकोल्याला होती, १९ ऑगस्टपासून शनिवार संध्याकाळपर्यंत मी तिथे. आज गेल्या वर्षीची डायरी काढली. वीस तारखेचं टिपण असं आहे:

'बाबांना आत नेलं. अकरा वाजता रहेमतभाईंचा फोन. ते काही बोलायच्या आत मीच विचारलं, भट्टी चालू आहे ना? हाव म्हणाले. जीव भांड्यात पडला. फोन ठेवला.'

म्हणजे भट्टी ठीकच होती. मग काय? हवेत दमटपणा होता? बिस्मथची बाटली वेगळी होती? मी नसताना काम चांगलं होतं, असा एखादा नियम आहे का?

दुपारी रहेमतभाई भट्टीचं दार पुसत होते. पुसत पुसत म्हणाले, "मॅडम, एखाद्या खेपेले मधातच बंद करून पाहा ना भट्टी."

"कशासाठी?"

"असंच. सहाशे-सव्वासहाशेवर आल्यावर. पाच-सहा घंटे. पाहाले काय जाते?"

आधीच डोकं भणभणलेलं. "रहेमतभाई, ही भट्टी आहे, चहाचा गॅस नाही," मी म्हणाले. ते हसले नाहीत. बादली उचलून बाहेर गेले. पुस्तकी कारणं मला माहीत आहेत, मध्येच बंद केली तर स्फटिकांना तडे जातात. पण नीट शब्दांत सांगायला हवं होतं. वर्गातल्या ढ मुलालाही मी असं बोलत नाही.

३१ मार्च, ईद
शीरखुर्मा प्यायला रहेमतभाईंकडे गेले. सूनबाई कौसरने दोन वाट्या आग्रहाने वाढल्या. रहेमतभाई पांढऱ्या कुडत्यात, अत्तर लावून बसलेले. जरा वेळाने कौसर आत गेली तसे म्हणाले, "मॅडम, आज सनाचा दिवस हाय. तुमच्याजवळ एक गोष्ट बोलाची होती."

मला वाटलं पेन्शनच्या कागदांचं असेल. मी म्हणाले, "तुमचे कागद मी स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवीन, तुम्ही अजिबात घोर करू नका." आणि मग मीच बोलत सुटले, विसाव्या बॅचचं, देवेशचं, इंदूरचं. उठेपर्यंत तासभर मीच बोलत होते. निघताना त्यांनी डबाभर शेवया दिल्या. माणूस भला आहे. त्यांच्या जागी कोण येईल या विचारानेच मला कसंतरी होतं.

१२ एप्रिल
देवेशशी फोनवर भांडण.

"स्नेहल, तू सतरा नंबरच्या वेळी काहीतरी वेगळं केलंयस आणि तुला ते माहीत नाही."

"मी काही वेगळं केलेलं नाही. रजिस्टर आहे माझ्याकडे. पेपरमध्ये लिहिलंय ना आपण, अखंड, समान वेगाने थंड केले."

"ते तू लिहिलंयस. मी विश्वास ठेवला."

विश्वास ठेवला म्हणजे काय? वीस वर्षांपूर्वी आम्ही एका बाकावर बसून परीक्षा दिली. तो पुण्याला राहिला, मी परत आले, तर आता माझं रजिस्टरसुद्धा गावठी ठरलं का? फोन ठेवल्यावर मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. बाबा खिडकीतून म्हणाले, "जमीन झिजन बाई." रजिस्टरातल्या त्या पानाचे फोटो काढून देवेशला पाठवले. बघ म्हणावं, हे काम असतं.

त्याचं उत्तर आलं: 'फार सरळ आहे.'

मी लिहिलं: 'धन्यवाद.'

३० एप्रिल
वीस नंबर. बिस्मथची जुनी बाटली वापरली, पाण्याचं भांडं ठेवून खोली दमट केली, आणि खरं सांगते, तीन दिवस मुद्दाम कॉलेजला गेले नाही. हसायला येतं आता. मी चिखलीत घरी बसून सुट्टी काढली, भट्टीला वाटावं मी अकोल्याला गेले म्हणून.

अठ्ठ्याऐंशी.

१५ मे
आता एकच बॅच बसेल इंदूरच्या आधी. तीत काय बदलू? काही सुचत नाही. झोप लागते आणि पहाटे चारला डोळे उघडतात, मग छताचा पंखा मोजत पडायचं.

एक काम मात्र मनासारखं झालं. रहेमतभाईंच्या निरोप समारंभाला शाल-श्रीफळ स्टाफतर्फे आहेच, मला स्वतःतर्फे काही द्यायचं होतं. रजिस्टरातलं वीस ते तेवीस ऑगस्टचं पान अलगद सोडवून फ्रेम करायला दिलं. सागवानी कड, आत पांढरा पुठ्ठा. फ्रेमवाला विचारत होता, मार्कशीट आहे का? मी म्हटलं, तसंच समजा.

माझ्या नावावर आजवर जे एकच चांगलं काम आहे, ते त्यांच्या त्या तेहेतीस आकड्यांवर उभं आहे. हे त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं आहे. सगळ्यांसमोर बोलले होते, तर कौतुकही सगळ्यांसमोर व्हायला हवं.

३१ मे, शनिवार
क्रमाने लिहिते.

सभागृहात कार्यक्रम. रहेमतभाई मधल्या खुर्चीवर, शेजारी कौसर. माझ्या मांडीवर रंगीत कागदात बांधलेली फ्रेम. माझ्या आधी प्राचार्य भगवानराव सर उठले. नेहमीचं प्रामाणिक, कष्टाळू वगैरे झालं. मग म्हणाले:

"एक प्रसंग सांगतो. गेल्या ऑगस्टात आपल्याकडे सरकारी टायपिंगच्या परीक्षेचं सेंटर होतं. वीस तारीख. मेहकर, देऊळगाव राजा, कुठून कुठून पोरंपोरी आले. परीक्षा चालू झाली अन् लाइट ट्रिप व्हायला लागली. पोरी रडून राह्यल्या. मी तर हातच टेकले होते. रहेमतभाई आले, म्हणे सर, लोड लॅबमधल्या भट्टीचा हाय. गेले, भट्टी बंद केली. चार वाजेपर्यंत एकदाही लाइट गेली नाही. एकशे चाळीस मुलांची परीक्षा या माणसानं वाचवली!"

टाळ्या. सगळ्यांना माहीत होतं. माना डोलत होत्या. देवानंद क्लार्क माझ्याकडे वळून हसला, तुमची भट्टी, मॅडम.

मी रहेमतभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या मांडीवरच्या पुडक्याकडे पाहत होते. त्यात काय आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी काय बोलले आठवत नाही, तीनचार वाक्यं असतील. पुडकं त्यांच्या हातात दिलं. परत घ्यावं असं वाटलं, खरंच हात पुढे केला मी. पण पोरं ओरडायला लागली, "उघडा, चाचा, उघडा!" त्यांनी कागद काढला. पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर.

टाळ्या तेव्हाही झाल्या.

सगळे जेवायला गेल्यावर ते लॅबमध्ये आले. फ्रेम टेबलावर ठेवली. "मॅडम, हे पान खोटं हाय."

"कळलं मला. सगळ्या कॉलेजसोबत."

"पोरायचा पॅसेज अर्ध्यात आला का लाइट जाय. दोन खेपा असं झालं. एक बंद करा लागत होतं, भट्टी नाईतर परीक्षा. भट्टी बंद केली, अन् मंग तुमाले फोन लावला सांगाले. तुमी पह्यलेच विचारलं, भट्टी चालू हाय ना? तुमचे बाबा आतमधी होते. हाव म्हणून गेलो."

"तुमचं कोणी होतं का परीक्षेला?"

"नाई. माहं कोणीच नव्हतं."

"आणि नंतर? नऊ महिने?"

"तुमी आल्या, मूस फोडली, अन् ते पापुद्रे पाहून हसल्या. चौदा नंबरनंतर पह्यल्यांदा हसल्या तुमी माह्यासंग बोलताना. मंग ते इंदूरले गेलं, पुन्यावाल्या सायबाचा फोन आला, पेढे वाटले तुमी. जेवढं ते चांगलं निंगत गेलं तेवढं माहं तोंड बंद होत गेलं."

मी त्यांना जायला सांगितलं. आज निवृत्त झालेल्या माणसाला मी म्हणाले, "तुम्ही आता जा." ते गेले.

मी खोटं छापायला पाठवलंय. अखंड, समान वेगाने. माझी सही आहे त्यावर. चीड येते आहे, आणि ती कोणावर काढू हे कळत नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मले वाटलं तुले तवाच समजलं." म्हणजे मालगाडीचं ते बोलणं कौतुक नव्हतं.

१ जून, रविवार
सकाळी सातला त्यांच्या क्वार्टरवर गेले. रात्रभर मनात एकच प्रश्न, आणि तो रागाचा नव्हता. सव्वासहाशे अंशांवरून सहा तास बंद. मार्चमध्ये त्यांनी मला हेच सांगितलं होतं, भट्टीचं दार पुसता पुसता. आणि मी काय म्हणाले होते!

"किती वाजता बंद केली? किती अंशांवर? कुठपर्यंत उतरली? पुन्हा चालू केली तेव्हा काय केलंत?" दारातच सगळं विचारलं. कौसर चहा घेऊन तशीच उभी.

रहेमतभाई आत गेले आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून घडी घातलेला कागद घेऊन आले. परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचा कागद, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने:

१० वा. ६३२ बंद. १२ वा. ४५५. २ वा. ३४०. ४ वा. २७२ चालू. ६ वा. २७१. ८ वा. २६९. १० वा. २७०…

पुढे तीन दिवस. सगळे २६८ ते २७२ च्या मधले, वेडेवाकडे. खरे.

"पुन्हा वर चढवाची हिंमत नाई झाली. हाय तिथंच धरून ठेवली, शुक्रवार रातपर्यंत. मंग तुमच्या आठ-आठ अंशाचा हिसोब बी तिथंच येत होता, तिथून सोडली खाली."

"पण लिहिलेत कशाला? रजिस्टरात खोटे आणि इथे खरे?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "दोन घंट्यानं लिहाचं असते ना मॅडम."

मी पायरीवरच बसले. आता सगळं दिसतंय. हे स्फटिक सावकाश थंड होताना हवेतला ऑक्सिजन आत ओढतात, म्हणून नेहमी अठ्ठ्याऐंशी येतं. त्या दिवशी वरून झपकन उतरले, ऑक्सिजनला आत शिरायला वेळच मिळाला नाही. आणि मग साडेतीन दिवस एकाच तापमानावर राहिले, त्यामुळे जेवढा होता तेवढा सगळीकडे सारखा पसरला. म्हणून त्या स्वच्छ रेषा. असं असावं. निदान असं करून पाहता येईल.

दुपारी दोनला एकवीस नंबर भट्टीत घातली. देवेशला आणि संपादकांना मेल केली: थंड करण्याबद्दलचं आमचं विधान चुकीचं आहे, खरी नोंद आज मिळाली, सोबत जोडली आहे. देवेशचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "स्नेहल, सतरा तारखेला रेषा जुळल्या नाहीत तर मी माझं नाव काढून घेतो." मी म्हटलं, काढ.

७ जून, शनिवार
बकरी ईद. हिशेबानुसार आज एकच्या सुमाराला भट्टी ६३२ वर यायची होती. मी अकरापासून लॅबमध्ये फेऱ्या मारत होते. पाऊण वाजता रहेमतभाई आले, सणाच्या कपड्यांत. घरी पाहुणे, कुर्बानीचे वाटे करायचे, सगळं सोडून. मी बोलावलं नव्हतं.

"तुम्ही आता नोकरीवर नाही," मी म्हणाले.

"म्हनूनच आलो. आता खोटं लिहाचं कारन नाई."

एक वाजून दहा मिनिटांनी ६३२. मी स्विचवर हात ठेवला आणि तो दाबवेना. आयुष्यात कधी चालू भट्टी बंद केली नव्हती. त्यांनी शेजारून हात पुढे केला आणि खटका खाली केला. सहा तास आम्ही दोन स्टुलांवर बसून होतो. मध्ये कौसरने डबा पाठवला. चौदा नंबरचं ते बोलणं मी काढलं. म्हटलं, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. ते म्हणाले, "डिझेल मी उशिराच भरलं होतं ना, मॅडम." त्यांनी मला तेवढंही सोपं करून दिलं नाही.

पेन्सिलीच्या कागदाची मूळ प्रत मी रजिस्टरात चिकटवली. फ्रेममधलं खोटं पानही काढून तिथेच परत लावलं. दोन्ही राहू देत शेजारी शेजारी. फ्रेम रिकामी आहे, बाबांना तिच्यात आईचा फोटो लावायचाय.

१४ जून
मूस फोडली. नायट्रोजन. ब्याऐंशी!

एक अंश. एक अंशाने काय होतं? काही होत नाही. होतही असेल. गुरांच्या डॉक्टरांना म्हटलं, बहुतेक झालं. उद्या बुलढाणा, मलकापूर, बऱ्हाणपूर करत इंदूर. स्फटिकांची डबी ओढणीच्या टोकाला बांधून नेणार आहे, बॅग एसटीच्या टपावर जाते.

१७ जून, इंदूर
पहिला स्फटिक फुकट गेला. वरती चिकटवलेल्या काडीला निर्वातात टिचकी मारली की पापुद्रा निघायला हवा, काडीच निघून आली. देवेशने पुढचा स्फटिक चिकटवायला घेतला.

दुसराही गेला. उरले तीन.

१८ जून, इंदूर
तिसरा नीट फुटला. आत आरशासारखा. दुपारी बारा दहाला पहिली रेष पडद्यावर उमटायला लागली, ठिपका ठिपका. मी खुर्चीची पाठ धरून उभी. देवेशने सतरा नंबरची जुनी रेष काढून तिच्यावर ठेवली. मग तापमान वाढवत नेलं. पंचाऐंशी, नव्वद, शंभर. अतिवाहकपणा कधीच गेला होता.

फट मिटली नाही. तीच. तितकीच रुंद, तितकीच स्वच्छ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

देवेश उठून उभा राहिला. तो आनंद झाला की उभा राहतो, हे मला आता माहीत आहे. मला मात्र रडूच फुटलं, त्या थंड खोलीत, तीन अनोळखी माणसांसमोर. बाहेर येऊन रहेमतभाईंना फोन लावला. या वेळी मी गप्प राहिले, त्यांना आधी बोलू दिलं. ते म्हणाले, "मॅडम, तिकडं लाइट हाय ना?"

जेवताना देवेशने वही काढली. "आता ते वाक्य नीट लिहू. ६३२ अंशांवर सहा तास वीजपुरवठा खंडित…"

"खंडित झाला नाही. बंद केला. रहेमतुल्ला यांनी. त्यांचं नाव लेखकांत जाणार."

"बरं. आणि कारण? परीक्षक विचारतील, पहिल्यांदा का बंद केलीत."

"महाविद्यालयात टायपिंगची परीक्षा होती म्हणून."

तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला आणि लिहून घेतलं.

पण ते पूर्ण कारण नाही. वीस ऑगस्टला त्यांनी फोनवर मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. अकोल्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून, वडील आत असताना, मी म्हणाले असते की परीक्षा गेली खड्ड्यात, आधी भट्टी चालू करा. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारण्याआधीच बंद केली. पेपरमध्ये हे लिहायला जागा नाही, म्हणून इथे लिहिते.